दोन भरत्यांचा ताल आणि मानशीचे दार

मये म्हटले की बाहेरच्या माणसाला तळे आठवते, आणि परगावी स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनाही आधी तेच आठवते. पण या वेळी आम्ही लिहिणार आहोत ते तळ्याच्या गोड्या पाण्याविषयी नाही. गावातून मांडवीच्या बाजूला उतरत गेले आणि नार्वे, चोडण, दिवाडी असा पाण्याचा मुलूख लागला, की खाजने दिसू लागतात. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली शेते, त्यांना नदीपासून वेगळे ठेवणारा मातीचा बांध, आणि त्या बांधाच्या पोटात बसवलेली लाकडी दाराची मानस. गोव्यात अशी खाजन जमीन सुमारे १८,००० हेक्टर धरली जाते. त्या दाराने गेल्या चवथीला आम्हाला गणिताच्या एका कोपऱ्यात नेऊन सोडले. तिथले एक प्रमेय इतके सोपे आणि इतके विलक्षण निघाले, की ते सभासदांना सांगितल्याशिवाय राहवेना.

आधी मानस कशी चालते ते, कारण मुंबई-पुण्यात वाढलेल्या आपल्या मुलांनी ती बहुधा पाहिलेली नसते. दार असे टांगलेले असते की ते एकाच बाजूला उघडते. सुकती लागली, म्हणजे ओहोटीने नदीचे पाणी आतल्या पाण्यापेक्षा खाली गेले, की आतले पाणी दाराला बाहेर ढकलते आणि निघून जाते. भरती चढू लागली की नदीचे पाणी तेच दार दाबून बंद करते. माणसाने हात लावायची गरज नाही. डोंगराकडून ओहळांनी येणारे पाणी आत साठते, दर सुकतीला बाहेर जाते, आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. रात्रीच्या सुकतीला दाराच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरतात, तिचा हक्क पावणीत जातो. म्हणजे एकाच दारावर दोघांचा डोळा असतो. शेतकऱ्याला दार घट्ट हवे, मासळीवाल्याला ते थोडे सैल चालते. या ओढाताणीचे वाद गोव्यात जुने आहेत. त्यात आम्ही पडत नाही, पण ही ओढाताण लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे गणित तिच्यातच आहे.

चवथीला गावी आलेल्या मुलांना घेऊन आमच्यातले काही जण एका ओळखीच्या खाजनावर गेले. मानशीच्या आतल्या बाजूला एक खुंटा रोवला, त्यावर बोटाबोटाच्या खुणा केल्या. दर भरतीच्या टोकाला, म्हणजे दार बंद असताना, आतले पाणी कुठल्या खुणेवर आहे ते वहीत लिहायचे ठरले. भरतीची वेळ काढायला जुना ठोकताळा वापरला: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास. हा ठोकताळा घड्याळाच्या काट्यावर चालत नाही, पण छत्री घेऊन कधी निघायचे एवढे त्यावरून कळते.

तीन दिवसांनी वहीत एक गंमत दिसली. पाणी एका भरतीला वर, पुढच्या भरतीला खाली, परत वर, परत खाली. दोन भरत्यांनी पुन्हा तीच खूण. मुले खूश झाली. "आजोबा, दाराला ताल आहे!" असे एक नात म्हणाली. तिचे आजोबा निवृत्त गणितशिक्षक. ते म्हणाले, "ताल असेल बाय, पण तो दाराचा असेल तर दार बिघडलेले आहे." मुलांना ते पटले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही लगेच पटले नाही. ते त्यांनी कसे पटवले, तोच या लेखाचा विषय.

समजा दार ठणठणीत आहे, म्हणजे आत-बाहेरच्या पाण्याची उंची कळली की दार किती उघडेल ते ठरूनच जाते. प्रत्येक भरती आधीच्यासारखीच आहे आणि ओहळाचे पाणीही सारखेच येते. आता आतले पाणी पहिल्या भरतीच्या टोकाला एका उंचीवर होते आणि दुसऱ्या भरतीच्या टोकाला ते चढलेले दिसले. तिसऱ्या भरतीला ते उतरून पुन्हा पहिल्या उंचीवर येईल का? येणार नाही. अगदी एकसारखी दोन खाजने शेजारी शेजारी आहेत अशी कल्पना करा. एकात आजचे पाणी, दुसऱ्यात कालचे. आजच्या खाजनाने सुरुवात वरून केली आहे. ते कालच्याच्या खाली जायचे असेल तर वाटेत कुठेतरी दोघांची पातळी एक व्हावी लागेल. आणि पातळी एक झाली, दार तेच, भरती तीच, तर त्या क्षणापासून दोघांचे पुढचे आयुष्यही एकच. एक दुसऱ्याला ओलांडून जाऊ शकत नाही. म्हणून आजचे कालच्यापेक्षा वर किंवा फार तर बरोबर, उद्याचे आजच्यापेक्षा वर किंवा बरोबर. एकदा चढलेले पाणी दोन भरत्यांनी मूळ जागी येणे शक्य नाही. असे पाणी हळूहळू एका ठराविक रोजच्या चालीत स्थिरावते, आणि ती चाल एकाच भरतीची असते.

थोडे आकडे घेऊ. हे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, कुणाच्या शेतातले नाहीत. प्रत्येक भरतीच्या फेऱ्यात दारातून अर्धे पाणी निघून जाते आणि ओहळाचे २० सेंटीमीटर येते. म्हणजे आजच्या पातळीचे अर्धे करायचे, त्यात २० मिळवायचे. १०० पासून निघालो तर ७०, ५५, साडेसत्तेचाळीस असे उतरत ४० कडे येतो. कोरड्यापासून निघालो तर २०, ३०, ३५ असे चढत ४० कडेच येतो. चाळिसावर मात्र पाणी हलत नाही: अर्धे २०, अधिक २०, परत ४०. नियम एक, पुढचे पाऊल एक, मुक्कामही एक.

आता दार बिघडवू. लाकूड पावसात फुगले आहे, बिजागरीला शिंपले बसले आहेत, कधी नारळाचे सोडण अडकते, कधी कुणी रात्री फळी सरकवून जातो. आता निघून जाणारे पाणी अर्धे असेल किंवा पाव, किंवा मधले काहीही. आजची पातळी ५० असेल तर उद्याची किती? ४५ ते साडेसत्तावन्न यांमधली कोणतीही. उत्तर म्हणून एक आकडा मिळत नाही, आकड्यांचा एक पट्टा मिळतो. एका स्थितीला अनेक पुढच्या स्थिती देणाऱ्या अशा नियमाला गणितात बहुमूल्य फलन म्हणतात. आणि दर क्षणी पाण्याचा वेग अमुक इतका असे न सांगता वेग या पट्ट्यातला कुठलातरी असे सांगितले, तर अवकल समीकरणाच्या जागी अवकल समावेश येतो. समीकरण हुकूम सोडते. समावेश मर्यादा घालून देतो आणि आतल्या आत मोकळीक ठेवतो.

ही मोकळीक फक्त बिघाडातून येते असे नाही. घरातले जड कपाट ढकलून बघा. ते हलत नाही तोवर जमिनीचे घर्षण किती असते? तुम्ही लावाल तितके, एका मर्यादेपर्यंत. थांबलेल्या कपाटाच्या घर्षणाला एक आकडा नाही, पट्टा आहे. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा तार क्षणभर गजाला चिकटून राहते, सुटते, परत चिकटते. त्या चिकटण्या-सुटण्यातून एकसारखा सूर येतो, तो अशाच नियमातला एक आवर्ती मार्ग. किंवा सोसायटीच्या गच्चीवरची टाकी घ्या: पाणी खाली गेले की पंप चालू, वर गेले की बंद. नेमके मधल्या खुणेवर असताना पंप काय करील हे नियमात लिहिलेले नसते. अशा ठिकाणी दोन टोकांच्या मधली सगळी मूल्येही नियमात धरावीत, ही पद्धत रशियन गणिती फिलिपोव्ह यांनी १९६० साली नीट मांडली.

पुढची पावले अनेक असली तर पाणी कधी मूळ जागी परत येते का? आमच्या बिघडलेल्या दाराचे बघा. पातळी ४० ते ८० यांमध्ये कुठेही असो, दाराने योग्य तेवढे पाणी सोडले तर तीच पातळी परत मिळते. साठ घ्या: अर्धे गेले तर ५०, पाव गेले तर ६५, आणि साठ त्या दोहोंच्या मध्ये आहे. आधी एक मुक्काम होता, आता चाळीस सेंटीमीटरचा अख्खा पट्टा मुक्कामाचा झाला. आलेखाच्या कागदावर हे काढले तर लहान मुलालाही दिसते. आडव्या अक्षावर आज, उभ्यावर उद्या, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आज बरोबर उद्या ही तिरकी रेघ. नियमाचा पट्टा डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत सलग जातो, चौकटीबाहेर पडत नाही, म्हणून त्याला ती तिरकी रेघ कुठेतरी गाठावीच लागते. एका आकड्याऐवजी अनेक आकड्यांच्या, अनेक मितींच्या जगातही हे खरे ठरते, हे शिझुओ काकुतानी यांनी १९४१ साली सिद्ध केले. ब्रौवर यांच्या जुन्या प्रमेयाचे ते मोठे रूप. पुढे जॉन नॅश यांनी १९५० साली खेळांच्या गणितात याच प्रमेयाचा आधार घेतला. अट इतकीच, की पट्ट्यात भोक नको. दार एकतर पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद, मधले काही नाही, असे झाले तर मुक्काम हरवू शकतो.

आता मुलांच्या वहीकडे वळू. बिघडलेल्या दाराला दोन भरत्यांचा ताल शक्य आहे का? आहे. ५० वरून ५५, आणि ५५ वरून परत ५०. पन्नासाचा पट्टा ४५ ते साडेसत्तावन्न, त्यात ५५ बसते; पंचावन्नाचा पट्टा साडेसत्तेचाळीस ते सव्वाएकसष्ट, त्यात ५० बसते. चांगल्या दाराला जे अशक्य होते ते बिघडलेल्या दाराला सहज जमते. आजोबांचे म्हणणे आम्हाला इथे पटले: प्रत्येक भरती सारखी असताना आणि आत मोजायची गोष्ट एकटी पातळीच असताना, दोन भरत्यांचा ताल दिसला, तर त्याच पातळीवरून त्याच वेळी दार दोन वेगळ्या तऱ्हांनी वागले आहे. त्याशिवाय तो ताल येऊच शकत नाही.

पण त्यांनी तिथे थांबू दिले नाही. वहीचे पान उलटून त्यांनी दोन वक्र रेघा काढल्या. पहिल्या भरतीपासून दुसरीपर्यंत पाणी कसे हलले ती एक रेघ: ५० वर सुरू, ५५ वर संपली. दुसरीपासून तिसरीपर्यंतची दुसरी रेघ, त्याच कागदावर, पहिलीच्या वरच: ५५ वर सुरू, ५० वर संपली. पहिली सुरुवातीला खाली आणि शेवटी वर. दुसरी सुरुवातीला वर आणि शेवटी खाली. म्हणजे मध्ये कुठेतरी त्या एकमेकींना छेदतात. मुलांपैकी एकाने पेन्सिल न उचलता, न छेदता काढता येते का ते करून पाहिले. आले नाही.

त्या छेदाच्या ठिकाणी काय आहे? भरतीची तीच वेळ आणि पाण्याची तीच पातळी. तिथून निघून एका भरतीने पाणी परत त्याच पातळीवर येते, एका वाटेने. त्या फेऱ्याला अ म्हणू. तिथून पुढे आणखी एका भरतीने ते परत त्याच पातळीवर येते, दुसऱ्या वाटेने. त्याला आ म्हणू. अ आणि आ वेगळे आहेत. सारखे असते तर ताल दोनाचा न राहता एकाचाच झाला असता. पण दोन्ही एकाच जागी सुरू होतात आणि एकाच जागी संपतात. मग त्यांची माळ हवी तशी ओवता येते. अ, अ, अ असे चालले तर एका भरतीचा ताल. अ, आ असे चालले तर आपला दोनाचा. अ, अ, आ म्हणजे तिनाचा. अ, अ, अ, आ म्हणजे चाराचा. पंधराचा हवा तर चौदा अ आणि एक आ. नियम कुठेच मोडलेला नाही, कारण प्रत्येक फेरा दाराला परवानगी असलेलाच आहे. एक दोनाचा ताल सापडला, आणि सगळे ताल हातात आले. घुमटावर दोनच बोल येणाऱ्या मुलाने त्यांतून कितीही मात्रांचे आवर्तन बसवावे, तसेच.

हे शाळेतल्या वहीत मावणारे गणित आहे, पण त्याची नोंद फार उशिरा झाली. चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथील यान आंद्रेस यांनी सहकाऱ्यांसह २००२ च्या सुमारास बहुमूल्य फलनांच्या आवर्ती कक्षा आणि अवकल समावेश यांवर लेखमाला सुरू केली. २००७ साली त्यांनी तोमाश फ्युर्स्ट आणि कारेल पास्तोर यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखाचे शीर्षकच असे होते, की एका प्रकारच्या अवकल समीकरणांसाठी आवर्त दोन असेल तर सगळी आवर्ते असतात. आम्ही वर दिलेली मांडणी तिचे घरगुती रूप समजावे.

यातली मौज कळण्यासाठी नेहमीच्या, म्हणजे एकच उत्तर देणाऱ्या फलनांचे जग आठवावे लागते. तिथे युक्रेनचे शार्कोव्हस्की यांनी १९६४ साली सगळ्या संख्यांची एक विचित्र रांग लावली. तीन सर्वांत पुढे, मग पाच, सात आणि बाकीच्या विषम संख्या, मग त्यांच्या दुपटी, चौपटी, आणि अगदी शेवटी आठ, चार, दोन, एक. सलग फलनाला एखाद्या आवर्ताची कक्षा असेल तर रांगेत त्याच्यामागे असलेल्या सगळ्या आवर्तांच्या कक्षाही असतात. ली आणि यॉर्क यांनी १९७५ साली यातलाच तिनाचा भाग स्वतंत्रपणे शोधला आणि तीन आवर्त म्हणजे गोंधळ असे म्हटले. ते नाव जगभर गाजले. या रांगेत दोन शेवटून दुसरा, जवळजवळ निर्धन: त्याच्यामुळे फक्त एक मिळतो. खाजनाच्या दाराच्या जगात मात्र तोच दोन सगळ्यांना घेऊन येतो. मग बहुमूल्य फलनांना शार्कोव्हस्कींची रांग लागू पडते का, याचे उत्तर आंद्रेस यांच्या गटाने दिले: पडते, पण मोजके अपवाद सोडून. जशीच्या तशी नाही.

इथे एक सावधगिरी. ही सगळी करामत रेघा छेदण्यावर उभी आहे, आणि रेघा छेदतात ते मोजायची गोष्ट एकच आहे म्हणून. दोन खाजने एका पाटाने जोडलेली असतील आणि दोन्हींच्या पातळ्या एकदम बघायच्या असतील, तर दोन वाटा एकमेकींना न शिवता वळसा घालून जाऊ शकतात. तिथे चांगल्या दारालाही दोनाचा ताल येऊ शकतो, आणि दोनावरून सगळे असे म्हणता येत नाही.

या ठिकाणी आम्हाला कोसंबी आठवले. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात कोसबे येथे जन्मले. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण १९३३ साली त्यांनी अवकल समीकरणांच्या वाटांच्या भूमितीवर जे लिहिले ते आज कोसंबी, कार्तां आणि चर्न अशा तिघांच्या नावाने ओळखले जाते. तो विषय वेगळा. त्यात एका स्थितीतून एकच वाट निघते. पण सूत्रे बाजूला ठेवून वाटांचा अख्खा समूहच एक वस्तू म्हणून बघायचा, ही दृष्टी त्यांच्याकडे होती, आणि आमच्या वहीतल्या दोन वक्र रेघा बघतानाही तीच लागते. हे थोडे विषयांतर झाले; गोव्याच्या गणितात कोसंबींचे नाव घ्यायचे राहू नये एवढाच हेतू.

तर मग आमच्या खुंट्यावरचा ताल खरा होता का? दुसऱ्या दिवशी आजोबांनीच शंका काढली. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. एक थोडी मोठी, एक थोडी लहान. मग प्रत्येक भरती आधीच्यासारखी हे आमचे गृहीतच चुकले! पाण्याचा वर-खाली हा ताल दाराचा नसून चंद्राचा असू शकतो. उपाय सोपा होता. एक भरती सोडून वाचायचे, म्हणजे साधारण २४ तास ५० मिनिटांनी एकदा. उधाणाकडून भांगाकडे भरतीची उंचीही बदलत जाते, म्हणून हेही काटेकोर नाही, पण जवळच्या दोन-तीन दिवसांपुरते चालते. तसे वाचल्यावर मुलांचा ताल जवळजवळ नाहीसा झाला. मुले हिरमुसली. आम्हीही, थोडेसे.

पण एका दिवसाने हिशेब चुकवला. पाणी त्याच खुणेवर होते, ओहळ तसाच, पाऊस नव्हता, आणि पुढच्या वाचनाला पातळी चार बोटे वर. त्याच जागेवरून दोन वेगळ्या वाटा. दारापाशी जाऊन बघितले तर खालच्या कडेला सोडण आणि फाटक्या जाळ्याचा गुंता अडकून दार अर्धवट राहिले होते. ते काढायला दहा मिनिटे लागली.

दहा मिनिटांच्या कामासाठी इतके गणित कशाला, असे कुणी विचारील. म्हणून आकड्यांकडे पुन्हा एकदा येऊ. आतल्या पाण्याला शेतात जाण्यापासून अडवणारी मेर ७५ सेंटीमीटर उंच आहे असे धरा. चांगल्या दाराने पाणी ४० वर राहते, शेत सुखरूप. बिघडलेल्या दाराने मुक्कामाचा पट्टा ४० ते ८०. आता दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. पहिला: पाणी मेरेखाली राहील अशी निदान एक तरी वाट आहे का? आहे, भरपूर आहेत. लक्ष ठेवणारा माणूस असेल, दर सुकतीला फळी नीट करील, तर पाणी पन्नासावरही ठेवता येईल. दुसरा प्रश्न: प्रत्येक वाटेने पाणी मेरेखालीच राहील का? नाही. दर फेऱ्याला पावच पाणी गेले तर ४० वरून ५०, साडेसत्तावन्न, त्रेसष्ट, सदुसष्ट, सत्तर, त्र्याहत्तर, पंच्याहत्तरच्या किंचित खाली, आणि आठव्या भरतीला ७६. आठ भरत्या म्हणजे चार दिवस आणि तीनेक तास. गळक्या दारातून आत आलेले पाणी खारे असेल, तर ते एकदा शेतात शिरल्यावर मीठ मागे ठेवते. कोरगुटासारखे खारे सोसणारे भात थोडे तग धरील, पण त्यालाही सीमा आहे.

पहिल्या प्रश्नाचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र शाखाच आहे. फ्रान्सचे जाँ-पियेर ओबँ यांनी १९९१ साली तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. मर्यादेच्या आत राहणारी निदान एक वाट प्रत्येक ठिकाणाहून आहे का, हा तिचा मूळ प्रश्न. आमच्या मते गावाच्या कारभारात या दोन प्रश्नांची गल्लत सर्रास होते. वाट आहे असे सांगितले की ऐकणारा समजतो, काळजी नको. पण वाट आहे याचा अर्थ कुणीतरी दररोज त्या वाटेने पाणी नेत आहे, असा असतो. पूर्वी मानशीवर नजर ठेवायला नेमलेला माणूस असे, आणि गावकारी त्याची सोय बघे. दार आपोआप चालते हे खरे असूनही तो माणूस होता, हे विसरू नये. आवर्ती मार्ग आहेत म्हणजे पाणी त्यांवरूनच जाईल, असे कोणतेही प्रमेय सांगत नाही.

नातीने शेवटी विचारले, की मग बिघडलेल्या दाराचे पाणी पंधरा भरत्यांचा ताल धरून खरोखर चालेल का? आजोबा म्हणाले, "चालू शकेल. चालेलच असे नाही. पंधरा दिवस इथे बसून बघायला कोण तयार आहे?" कुणीच नव्हते, सातव्या दिवशी गणपती पोचवून बहुतेकांना परत जायचे होते.

खुंटा अजून तिथेच आहे, खुणाही बऱ्याच शाबूत आहेत. वही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. दिवाळीला गावी येणाऱ्यांपैकी ज्यांना वाचन पुढे चालू ठेवायचे असेल त्यांनी एक भरती सोडून एक वाचावे, वेळ आणि तिथी दोन्ही लिहाव्यात, आणि आधीच्याच खुणेवरून पाणी वेगळ्या वाटेला गेलेले दिसले तर वहीत लिहिण्याआधी दार बघून यावे.